लिनक्सवर गेम खेळायचेत? आधी लॅपटॉप ओळखा

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट, पीसीवरचा पब्जी आणि जीटीए ऑनलाइन हेही चालत नाहीत. ज्यांचा सगळा खेळ या नावांभोवतीच असतो, त्यांनी विंडोज ठेवावं, किंवा डिस्कचे दोन भाग करून दोन्ही सिस्टिम बसवाव्यात. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण लिनक्सकडे वळलेली बरीच कॉलेजची मुलं रात्र रात्र जागून नेमक्या याच खेळांच्या मागे लागतात, आणि हाती काही लागलं नाही की 'लिनक्सवर गेम चालत नाहीत' असं म्हणून मोकळी होतात. ते खरं नाही. स्टीमवर मिळणारे, एकट्यानं खेळायचे बहुतेक खेळ आज लिनक्सवर चालतात. एखादा अडला, तर बऱ्याचदा दोष खेळात नसतोच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नसतो, खेळ चुकीच्या पार्टिशनवर ठेवलेला असतो, नाहीतर ग्राफिक्स चिपच जुनी असते. कुठली अडचण सुटणारी आणि कुठली न सुटणारी हे आधी ओळखलं, की पुष्कळ वेळ वाचतो.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज ११ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ असलेले, अजून चांगले धडधाकट लॅपटॉप त्यामुळे दाराबाहेर राहिले. असा लॅपटॉप भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये कवडीमोलानं देण्याआधी त्यावर लिनक्स टाकून बघाच. नवख्यांना मी लिनक्स मिंटच सुचवतो. त्याची २२ ही मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे, तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि ड्रायव्हर बसवण्यासाठी तिच्यात माऊसनं चालणारी सोय आहे. पुढचं सगळं मिंट धरूनच लिहिलंय. उबुंटूवर ते जवळपास तसंच लागू पडतं, फेडोरावर थोडं वेगळं.

आधी बसवू नका, पेनड्राइव्हवरून चालवून बघा. रूफस किंवा व्हेंटॉय वापरून मिंटची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉप तिच्यावरून सुरू करा. डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल आणि स्क्रीन काळीच राहिली, तर सुरुवातीच्या मेनूत 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. डेस्कटॉप आला की वाय-फाय दिसतंय का, स्पीकर वाजतोय का, कॅमेरा सुरू होतोय का, ब्राइटनेसच्या कळा काम करतायत का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतंय का, एवढं तपासा. मग टर्मिनल उघडा आणि 'इन्क्सी' हा आदेश द्या. रोमन लिपीत आय, एन, एक्स, आय ही लहान अक्षरं, मग मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला लागूनच मोठं एफ, लहान एक्स आणि लहान झेड. लॅपटॉपची सगळी कुंडली समोर येते. शेवटच्या झेडमुळे सिरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस झाकले जातात, म्हणून हा मजकूर मदतीसाठी दुसऱ्याला पाठवायलाही हरकत नाही.

त्यातल्या दोन जागा महत्त्वाच्या, 'ग्राफिक्स' आणि 'नेटवर्क'. प्रत्येक चिपच्या नावापुढे तिचा ड्रायव्हर लिहिलेला असतो. नेटवर्कच्या ओळीत ड्रायव्हरच्या जागी 'एन/ए' दिसलं, तर तुमच्या वाय-फायला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, वाली नाही असं समजा. ग्राफिक्समध्ये इंटेलपुढे 'आय९१५', एएमडीपुढे 'एएमडीजीपीयू' आणि एनव्हिडियापुढे 'नूव्हो' ही नावं सहसा दिसतात. नूव्हो हा एनव्हिडियासाठी बाहेरच्या मंडळींनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर आहे. डेस्कटॉप दाखवायला तो पुरतो, पण खेळांसाठी त्याच्यावर विसंबू नका.

वाय-फायचं दुखणं

लिनक्स लॅपटॉपवर सगळ्यात जास्त कोण रडवत असेल, तर वाय-फाय. इंटेलचं कार्ड असेल तर निर्धास्त राहा. रिअलटेक, ब्रॉडकॉम आणि मीडियाटेक यांच्याबाबत मात्र चिपचा नेमका नंबर बघावा लागतो. ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ ही चिप जुन्या लॅपटॉपमध्ये पुष्कळ सापडते, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्येच मिळतो. पण तो उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट तर वाय-फायवरच येणार! यावर सोपा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्स फोनला नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतं, कुठलाही ड्रायव्हर न टाकता. नुसती चार्जिंगची केबल मात्र चालणार नाही.

रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई या चिपची गोष्ट थोडी खोलात सांगण्यासारखी आहे. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये ही चिप आहे आणि तिची तक्रार ठरलेली असते: राउटरच्या शेजारी बसलं तर नेट पळतं, दुसऱ्या खोलीत गेलं की सिग्नल गायब. लोक राउटरला दोष देतात. खरा प्रकार असा, की कार्डावर अँटेनासाठी दोन जोड असतात आणि या लॅपटॉपमध्ये एकच अँटेना, तीही ड्रायव्हर ज्या जोडावर सिग्नल शोधतो त्यावर नसून दुसऱ्यावर लावलेली असते. त्यासाठी 'एटीसी' फोल्डरमधल्या 'मॉडप्रोब.डी' या फोल्डरात, नावाच्या शेवटी 'कॉन्फ' असलेली एक फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहायची: 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२'. सगळी अक्षरं रोमन आणि लहान, आकडेही इंग्रजी. रीस्टार्ट केलं की सिग्नलच्या दांड्या भरतात. २नं फरक पडला नाही, तर १ घालून बघा.

नव्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथे चिप नवी आणि कर्नल जुनं असं होतं. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीईचा ड्रायव्हर कर्नल ६.२मध्ये आला, त्याआधीच्या कर्नलवर ती चिप दिसतच नाही. म्हणून इंटरनेटवर सापडलेला कुठलाही ड्रायव्हर घाईनं बसवण्याआधी मिंटचं 'अपडेट मॅनेजर' उघडा, 'व्ह्यू'मधून 'लिनक्स कर्नल्स'मध्ये जा आणि तिथलं नवं कर्नल बसवून पाहा. जुनं कर्नल तसंच राहतं. नव्यानं काही बिघडलं, तर सुरुवातीच्या मेनूतून जुन्यावर परत जाता येतं.

एवढं करूनही जमलं नाही, तर कार्ड बदला. मीडियाटेकच्या एमटी७९०२ चिपला लिनक्समध्ये वर्षानुवर्षं ड्रायव्हरच नव्हता, आणि ती घेऊन बसलेल्यांसाठी हाच खरा मार्ग होता. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू काढले की वाय-फायचं छोटं कार्ड एका स्क्रूवर बसलेलं दिसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन इंटेलचं एएक्स२१० मागा. एएक्स२११ घेऊ नका; ते फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबर चालतं आणि एएमडीच्या लॅपटॉपमध्ये निव्वळ शोभेचं ठरतं. काही मॉडेलांत वाय-फाय कार्ड बोर्डावरच डकवलेलं असतं, आणि जुन्या एचपी-लेनोवोंपैकी काही मॉडेलं बायोसमध्ये ठरवून दिलेल्या कार्डांखेरीज दुसरं कार्ड स्वीकारत नाहीत. पैसे मोजण्याआधी या दोन्ही गोष्टींची खात्री करा. कार्ड बदलणं शक्यच नसेल तर यूएसबी डाँगल घ्या, पण त्याच्याही आत कुठली चिप आहे हे विचारूनच.

बसवताना

लिनक्स बसवण्याआधी विंडोजमध्ये दोन कामं उरका. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतं आणि लिनक्सला तिच्यावर लिहिता येत नाही. दुसरं, बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागतं, आणि ती नसेल तर फोटो-कागदपत्रं सगळी गेलीच म्हणून समजा. बॅकअप घ्याच, हे वेगळं सांगायला नको.

काही इंटेल लॅपटॉपवर लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. याचं कारण बायोसमधली आरएसटी किंवा व्हीएमडी नावाची सोय. ती बंद करून डिस्क एएचसीआयवर आणावी लागते. एसरच्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दडवलेला असतो. बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की तो उघड होतो. विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल थेट करू नका, विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये हा बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं आणि सेफ मोड काढून टाकायचा.

एनव्हिडिया

एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. त्यांचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसा हा मुक्त ग्राफिक्स संच यांच्याबरोबर आपोआप येतात. कंपनीच्या वेबसाइटवरून काही उतरवायची गरज नाही.

आपल्याकडे गेमिंग लॅपटॉप म्हणून जे खपतात, टफ, व्हिक्टस, एलओक्यू, नायट्रो, त्यांतल्या बहुतेकांत दोन ग्राफिक्स चिप असतात: प्रोसेसरमधली साधी आणि एनव्हिडियाची ताकदवान. 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडा. नावापुढे 'ओपन' असलेला पर्याय जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे चालतो, आरटीएक्स ५० मालिकेला तर तोच लागतो. जीटीएक्स १०५०, एमएक्स१५० किंवा ९४०एमएक्स अशा जुन्या चिपसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. तिच्यापुढची बसवायला जाऊ नका.

आता ज्या पायरीवर सर्वाधिक लोक अडखळतात ती. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना सिस्टिम एक पासवर्ड ठरवायला सांगते. तो ठरवून रीस्टार्ट केलं की निळी स्क्रीन येते. वर 'मोक मॅनेजमेंट' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायची असते. दाबली नाही, तर लॅपटॉप मुकाट्यानं पुढे जातो. दाबली, तर मेनू येतो, ज्यात पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट' असतो. घाबरून एंटर दाबणारे तिथूनच निसटतात. दोन्ही वेळा परिणाम एकच: ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण कर्नल त्याला आत घेत नाही, आणि 'बसवला तरी चालत नाही' ही तक्रार सुरू होते. तुम्ही खाली येऊन 'एनरोल मोक' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', ठरवलेला पासवर्ड घाला आणि 'रीबूट' करा. पासवर्ड साधा ठेवा, कारण तिथे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो आणि टाइप केलेलं दिसतही नाही. संधी हुकली असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला की ती स्क्रीन परत येते.

झालं की नाही हे टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' आदेश देऊन कळतं. चिपचं नाव आणि तापमान असलेला तक्ता आला म्हणजे काम फत्ते. त्यानंतर पॅनेलवर एनव्हिडियाचं चिन्ह दिसतं. त्यात 'ऑन-डिमांड' ठेवा, म्हणजे रोजचं काम साध्या चिपवर होईल आणि बॅटरी टिकेल. खेळ एनव्हिडियावर चालवण्यासाठी मेनूत त्याच्यावर उजवी क्लिक करून तसा पर्याय निवडता येतो.

बाकीच्या हार्डवेअरबद्दल थोडक्यात. आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर इंटेलच्या ध्वनी चिपचं 'सोफ' नावाचं फर्मवेअर राहिलेलं असण्याचा संभव मोठा. ते बसवा आणि कर्नल नवं करा. बॅटरीसाठी टीएलपी चांगलं आहे, पण ते आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन एकाच वेळी ठेवू नका, दोघं एकमेकांचे बदल पुसतात. फिंगरप्रिंटची आशा कमी ठेवा. पुष्कळ सेन्सरना अजून ड्रायव्हर नाही आणि त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. एक्सबॉक्सचा कंट्रोलर केबलनं लगेच चालतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरसाठी तर खुद्द सोनीनं लिहिलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे.

आता खेळ

विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' १९९३पासून घडत आलं. ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं त्याच्यावर उभं केलेलं 'प्रोटॉन' स्टीममध्येच घातलं आणि चित्र पालटलं. खेळ विंडोजच्या डायरेक्टएक्सला जे सांगतो, ते प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके 'व्हल्कन'च्या भाषेत सांगतं. डायरेक्टएक्स १२साठी व्हीकेडी३डी हे काम करतं. म्हणजे सगळा डोलारा व्हल्कनवर. डीएक्सव्हीकेला २०२२पासून व्हल्कन १.३ लागतं, आणि चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला किंवा केप्लर काळातल्या एनव्हिडियाला ते झेपत नाही. तुमचा लॅपटॉप त्यातला असेल तर नव्या खेळांचा नाद सोडा. प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडून दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे खेळ मात्र खेळता येतील. सहाव्या पिढीपासून पुढच्या इंटेलला व्हल्कनची अडचण नाही, फक्त ताकद बेताची. अशा लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी घाला. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे फरक लगेच जाणवतो.

स्टीम डेब पॅकेजमधून बसवा. उबुंटूच्या ॲप सेंटरमध्ये मिळणारी स्नॅप आवृत्ती टाळा. तिच्यामुळे येणाऱ्या तक्रारींना कंटाळून २०२४मध्ये व्हॉल्व्हच्याच एका अभियंत्यानं जाहीरपणे हा सल्ला दिला होता. स्टीमच्या सेटिंगमध्ये 'कंपॅटिबिलिटी'त जाऊन सगळ्या खेळांसाठी प्रोटॉन चालू आहे ना, ते बघा. पहिल्यांदा खेळ उघडताना 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' म्हणून बराच वेळ जाऊ शकतो. तो अडकलेला नसतो, होऊ द्या. खेळ उघडलाच नाही, तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कंपॅटिबिलिटी'तून 'प्रोटॉन एक्सपेरिमेंटल' निवडून पाहा. मग प्रोटॉनअप-क्यूटी वापरून 'जीई-प्रोटॉन' उतरवा आणि ते निवडा. एखाद्या खेळाची लिनक्ससाठीची स्वतःची आवृत्ती जुनाट असेल, तरी हाच मार्ग धरा. विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर जास्त नीट चालते असे बरेच खेळ आहेत.

खेळ चालतो पण गोगलगायीसारखा, असं असेल तर ग्राफिक्सचं नाव तपासा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर ग्राफिक्स चिप बाजूलाच बसलीय आणि सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतोय. अशा वेळी खेळाच्या सेटिंग कमी करत बसण्यात अर्थ नाही. मागे जाऊन ड्रायव्हरच बघायला हवा.

दोन्ही सिस्टिम ठेवणारे एक गोष्ट हमखास करतात: विंडोजच्या डी ड्राइव्हवर खेळ आधीच उतरवलेले असतात, मग स्टीमला तोच फोल्डर दाखवतात. डेटा वाचतो खरा, पण खेळ उघडताच बंद होतो. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतं. त्यात 'सी' या अक्षरापुढे कोलन अशा नावाचा दुवा असतो. फाइलच्या नावात कोलन विंडोजला चालत नाही, आणि एनटीएफएस डिस्कवर हे सगळं बिनसतं. विंडोज पुढे डिस्क तपासताना त्या फाइलींना खराब ठरवू शकतं. खेळांसाठी ईएक्सटी४चं वेगळं पार्टिशन करा. जुने खेळ तिथे कॉपी करून घेतले की पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

एपिक आणि जीओजीवरचे खेळ 'हिरोइक'मधून चालवा, सीडीवरचे किंवा इतर कुठले असतील तर 'लुट्रिस'मधून. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या लिनक्स आवृत्त्या स्वतः व्हॉल्व्हच देतं, माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही थेट चालते.

आता सुरुवातीच्या चार नावांकडे. त्यांची अडचण ग्राफिक्सची नाही, अँटी-चीटची आहे. व्हॅलोरंटचं 'व्हॅनगार्ड' थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. प्रोटॉन खेळाचं बोलणं भाषांतरित करतं, पण त्याच्याकडे विंडोजचं कर्नल नसतं, मग व्हॅनगार्डनं बसायचं कुठे? ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली. मात्र ती उघडायची की नाही, हे प्रत्येक खेळाची कंपनी ठरवते. बॅटलआय आल्यावर सप्टेंबर २०२४पासून जीटीए ऑनलाइन बंद झालं, तरी जीटीए ५ची एकट्यानं खेळायची कथा चालते. एपेक्स लेजेंड्स आधी व्यवस्थित चालत होता. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस कंपनीनं लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. इथे तुमच्या लॅपटॉपवर करण्यासारखं काहीच नसतं. यूट्यूबवर कुणी व्हॅनगार्डला चकवायची युक्ती दाखवत असेल तर तिच्या नादी लागू नका, खातं कायमचं बंद होऊ शकतं.

म्हणून खेळ विकत घेण्याआधी 'आर वी अँटी-चीट येट' आणि 'प्रोटॉनडीबी' या दोन जागा बघायची सवय लावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्यायचाय असं धरा. एकट्यानं खेळायचा खेळ, म्हणून पहिली चिंता मिटली. मग प्रोटॉनडीबीवर त्याचं नाव शोधायचं, पण प्लॅटिनम की गोल्ड एवढंच बघून थांबायचं नाही. खालच्या नोंदींत तुमच्यासारखीच ग्राफिक्स चिप असलेला माणूस शोधा, त्यानं कुठलं प्रोटॉन वापरलं ते पाहा, आणि नोंद कधीची आहे तेही. तीन वर्षांपूर्वीची नाराजी आज लागू असेलच असं नाही. शंका राहिलीच, तर स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो.

त्या सगळ्या नोंदी तुमच्या-आमच्यासारख्या वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या आहेत. आपल्याकडे खपणाऱ्या स्वस्त लॅपटॉपची माहिती आपल्यापैकीच कुणीतरी लिहिली तर तिथे येणार. तुमचा खेळ चालला, की ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर आणि प्रोटॉनची आवृत्ती लिहून एक नोंद जरूर टाका. चालला नाही, तरीही टाका.